ज्या खोलीत आपण आहोतच, त्या खोलीत शिरायचं कसं?

१५७७ सालच्या जून महिन्यात स्पेनमधल्या टोलेडो शहरातल्या एका मठात बासष्ट वर्षांची एक धर्मभगिनी लिहायला बसली. मनात नसताना बसली. तब्येत ठीक नव्हती, डोक्यात सतत घोंघाट चालायचा, पण वरिष्ठांनी प्रार्थनेवर लिहायला सांगितलं होतं आणि आज्ञा मोडायची नव्हती. तिला एक चित्र सुचलं. माणसाचा आत्मा म्हणजे हिऱ्यात किंवा लख्ख स्फटिकात घडवलेला किल्ला. त्यात कितीतरी दालनं, आणि सगळ्यांत आतल्या दालनात राजा, म्हणजे देव. चित्र मांडून झाल्याबरोबर तिला त्यातली अडचणही दिसली. हा किल्ला जर माझाच आत्मा असेल, तर मी त्यात आहेच की! ज्या खोलीत माणूस बसलेलाच आहे, त्या खोलीत शिर असं त्याला सांगणं हा वेडेपणाच नाही का?

ही आविलाची संत तेरेसा, आणि ती लिहीत होती ते पुस्तक 'अंतरीचा किल्ला'. तिनं दिलेलं उत्तर साधं आहे. एखाद्या ठिकाणी असण्याच्या तऱ्हा अनेक असतात. पुष्कळ माणसं आयुष्यभर किल्ल्याच्या बाहेरच्या चौकातच, पहारेकऱ्यांच्या सोबतीनं राहतात. आत किती दालनं आहेत, तिथं कोण राहतं, याचा त्यांना पत्ताच नसतो. देव आत आहे, मी बाहेर आहे, आणि घर मात्र माझंच आहे.

ख्रिस्ती गूढवादाचा सगळा प्रश्न या एका चित्रात येतो. 'गूढवाद' म्हटलं की चमत्कार, दृष्टान्त, अंगावर काटा आणणारे अनुभव असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. या संतांच्या आयुष्यात तसे प्रसंग आहेत, पण त्यांच्यातल्या जाणत्यांनी त्यांना भाव दिला नाही. तेरेसाचा सहकारी, क्रूसाचा योहान, तर दृष्टान्तांना चिकटून राहू नका असं पुन्हा पुन्हा बजावतो. त्यांचा विषय वेगळा होता. देवाबद्दल माहिती असणं आणि देवाशी एक होणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर याच आयुष्यात मिटू शकतं, असं त्यांचं म्हणणं.

देव जवळ आहे हे कुठलाही ख्रिस्ती माणूस म्हणेल. पण किती जवळ? उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन यानं इसवी सन ४०० च्या आसपास आपल्या आत्मकथनात देवाला उद्देशून लिहिलं की, माझ्यातलं जे सगळ्यांत आतलं, त्याच्याही आत तू होतास. आणि दुसऱ्या एका जागी, तू आत होतास, मी बाहेर होतो आणि तुला बाहेर शोधत होतो. तेरेसाच्या किल्ल्याच्या जवळजवळ बारा शतकं आधी लिहिलेलं हे वाक्य आहे.

'एक' म्हणजे 'तोच' का?

मराठी वाचकाच्या मनात इथं लगेच 'अद्वैत' हा शब्द उभा राहतो, आणि बहुतेक गोंधळ तिथंच सुरू होतो. जीव मुळात ब्रह्मच आहे, भेद हा फक्त अज्ञानाचा, ही भूमिका ख्रिस्ती गूढवाद घेत नाही. देवानं जग शून्यातून निर्माण केलं; निर्माता आणि निर्मिती एक वस्तू नाहीत, यावर तो ठाम आहे. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनं तर असं म्हणून ठेवलं आहे की, निर्माता आणि निर्मिती यांच्यात कुठलंही साम्य दाखवलंत, तरी त्याहून मोठं वेगळेपण तिथं उरलेलंच असतं.

मग एकत्व कसलं? मला वाटतं, याची किल्ली येशूचा प्रेषित पौल याच्या एका ओळीत आहे. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, "यापुढे मी जगतो असं नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो." हे वाक्य सगळे उद्धृत करतात आणि इथंच थांबतात. पण तेच वचन पुढे वाचलं तर पौल म्हणतो की, आता मी जे जीवन जगतो ते देवाच्या पुत्रावरच्या विश्वासानं जगतो, ज्यानं माझ्यावर प्रीती केली आणि माझ्यासाठी स्वतःला दिलं. म्हणजे जो 'मी' पहिल्या वाक्यात गेला, तो दुसऱ्यात परत आला. एवढंच की परत आलेला 'मी' स्वतःच्या जोरावर उभा नाही. कुणीतरी प्रेम केलेला असा तो 'मी' आहे. प्रेम होण्यासाठी दोघं लागतात, आणि प्रेम पुरं होण्यासाठी दोघांत काही आड येता कामा नये. ख्रिस्ती एकत्व या दोन अटींच्या मध्ये राहतं.

याला आधार आहे तो देवाविषयीच्या ख्रिस्ती श्रद्धेचा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्य देव मानला की एकपण आणि नातं या गोष्टी एकमेकींच्या विरोधात राहत नाहीत. देवाचं एकपण हेच नात्यांचं एकपण ठरतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात, अटक होण्याच्या रात्री, येशू शिष्यांसाठी प्रार्थना करतो. पित्या, जसा तू माझ्यामध्ये आणि मी तुझ्यामध्ये, तसं त्यांनीही आपल्यामध्ये असावं, असं तो मागतो. पुत्र पित्यात विरघळून नाहीसा होत नाही. माणसालाही त्याच घरात बोलावलं आहे. फरक इतकाच की पुत्राला ते स्वभावतः आहे, माणसाला ते दिलं जातं. या देण्याला ख्रिस्ती भाषेत कृपा म्हणतात.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं हीच गोष्ट अधिक धीटपणे मांडली. अलेक्झांड्रियाचा अथानासियस चौथ्या शतकात म्हणतो की देव माणूस झाला तो माणसानं देव व्हावं म्हणून. हे वाचून दचकायला होतं, पण ऑर्थोडॉक्स परंपरेत ते मध्यवर्ती शिकवण म्हणून मानलं जातं. ते कसं समजायचं हे चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामासनं सांगितलं. तो ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरचा साधू. देवाचं सत्त्व कुणालाही कधीच गाठता येत नाही, पण देवाची ऊर्जा, त्याचं प्रत्यक्ष कार्य, माणसात खरोखर उतरतं, आणि ती ऊर्जा म्हणजे देवानं पाठवलेली एखादी वस्तू नसून देवच आहे, असं त्याचं म्हणणं. सूर्य हातात येत नाही, पण अंगावर पडलेलं ऊन सूर्याचंच असतं.

उपमा शोधणारी माणसं

हे सगळं व्याख्येत बसत नाही, म्हणून या माणसांनी उपमा शोधल्या. कुठली उपमा कुठपर्यंत साथ देते हे बघत गेलं, तर त्यांना काय म्हणायचं आहे ते कुठल्याही सिद्धान्तापेक्षा लवकर कळतं.

बाराव्या शतकातला फ्रेंच मठाधिपती, क्लेअरव्होचा बर्नार्ड, एकापाठोपाठ तीन उपमा देतो. भरपूर वाइनमध्ये पडलेला पाण्याचा थेंब वाइनचाच रंग आणि चव घेतो. आगीत लाल झालेलं लोखंड आगीसारखंच दिसतं. उन्हानं भरलेली हवा स्वतःच प्रकाश वाटते. थेंबाच्या उपमेत धोका आहे, कारण थेंब परत काढता येत नाही. बर्नार्डला ते ठाऊक आहे. म्हणून तो थेंब 'नाहीसा झाल्यासारखा वाटतो' असं म्हणतो आणि पुढे स्पष्ट करतो की माणसाचं द्रव्य राहतं, फक्त वेगळ्या रूपात. लोखंड लोखंडच राहतं. पण त्याला हात लावून बघा.

तेरेसा शेवटच्या, सातव्या दालनाबद्दल लिहिताना आधी मेणबत्त्यांची उपमा घेते. दोन मेणबत्त्यांची टोकं जुळली की ज्योत एकच होते, पण मेणबत्त्या पुन्हा वेगळ्या करता येतात. सहाव्या दालनापर्यंतची एकी अशी. सातव्यात मात्र आभाळातून पाऊस नदीत पडतो. कुठलं पाणी नदीचं आणि कुठलं आभाळाचं हे आता कुणी वेगळं करू शकत नाही. लगेच पुढे ती आणखी एक उपमा घेते: खोलीला दोन खिडक्या आहेत, दोन्हींतून प्रकाश आत येतो, आणि आत आल्यावर तो एकच प्रकाश असतो. ती तर्कशास्त्र शिकलेली नव्हती. तिनं पाहिलेल्या गोष्टीला एक उपमा पुरत नव्हती, म्हणून ती दुसरी उचलत होती. मला तिचं हे फार विश्वासार्ह वाटतं.

चौदाव्या शतकातली इंग्लंडमधली एकांतवासी ज्युलियन उपमेऐवजी एक क्रियापदच वापरते. प्रार्थना आत्म्याला देवाशी 'एक-ते', असं ती जुन्या इंग्रजीत म्हणते. मराठीत आपल्याकडे 'एकवटणं' हा शब्द तयारच आहे. पांगलेलं गोळा होणं आणि एक होणं, दोन्ही अर्थ त्यात येतात, आणि ज्युलियनला दोन्ही हवे होते.

आता एकहार्ट. माइस्टर एकहार्ट १२६० च्या सुमारास जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात जन्मला, डॉमिनिकन संघात गेला, पॅरिसच्या विद्यापीठात दोनदा प्राध्यापक झाला. एवढा विद्वान माणूस, पण त्याची गाजलेली प्रवचनं लॅटिनमध्ये नाहीत. धर्मभगिनींना आणि साध्या लोकांना कळावीत म्हणून ती त्यांच्याच रोजच्या जर्मन भाषेत आहेत. आत्म्याच्या तळाशी एक जागा आहे, तिथं कुठलीही प्रतिमा, कुठलाही विचार पोचत नाही. देवाचा तळ आणि माझा तळ तिथं एकच आहे, असं तो सांगायचा. "ज्या डोळ्यानं मी देवाला पाहतो, त्याच डोळ्यानं देव मला पाहतो," हे त्याचं वाक्य सगळ्यात जास्त ऐकलं जातं, आणि संदर्भ सोडून ऐकलं की फार चुकीचं ऐकलं जातं. माणूस हाच देव, असा त्याचा अर्थ लावणं फार सोपं आहे.

त्याला काय म्हणायचं होतं ते त्याच्या दुसऱ्या एका प्रवचनातल्या उदाहरणावरून कळतं. माझ्यासमोर लाकडाचा तुकडा आहे. मी डोळा उघडून त्याच्याकडे पाहतो. डोळा डोळाच राहतो, लाकूड लाकूडच राहतं. तरी पाहण्याच्या क्रियेत दोघं इतके एक होतात की डोळा हेच लाकूड असं म्हणता यावं. हे करून बघण्यासारखं आहे. समोरच्या कुठल्याही वस्तूकडे नीट पाहा, आणि पाहण्यात 'मी पाहतोय' हा भाग कुठं संपतो आणि 'ती दिसतेय' हा भाग कुठं सुरू होतो ते शोधा. सीमा सापडत नाही. वस्तू दोन, पाहणं एक. एकहार्टचं एकत्व असं क्रियेतलं आहे. देव माझ्यावर प्रेम करतो आणि मी देवावर प्रेम करतो ही दोन वेगळी प्रेमं राहत नाहीत.

पण त्याची भाषा धारदार होती. कोलोनमध्ये त्याची चौकशी सुरू झाली, प्रकरण फ्रान्समधल्या आव्हिन्योंला, तेव्हा तिथं राहणाऱ्या पोपकडे गेलं, आणि निकाल लागण्याआधीच तो वारला. २७ मार्च १३२९ रोजी पोप बावीसावा योहान यानं त्याची २८ विधानं दोषी ठरवली. १७ पाखंडी आणि ११ संशयास्पद. चर्चमधल्या उपासनेत भाकरीचं जसं ख्रिस्ताच्या शरीरात रूपांतर होतं तसे आपणही पूर्णपणे देवात पालटून जातो, हे त्यांतलं एक. धर्मसत्तेची भीती मला कळते, कारण 'एक' आणि 'तोच' यांच्यातली रेघ या वाक्यात पुसट होते. पण एकहार्टनं आपण चुकलो असू तर ते मागे घेतो असं आधीच जाहीर केलं होतं, आणि त्याच्यानंतर त्याचे शिष्य टाउलर आणि झोइझ यांनी तीच शिकवण जपून शब्द वापरत पुढे नेली.

त्याच्याआधी एका बाईला याहून भयंकर किंमत द्यावी लागली. मार्गरीत पोरेत हिनं आपली इच्छा पूर्णपणे देवात सोडून दिलेल्या आत्म्यांविषयी फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिलं. ते जाळलं गेलं, तरी तिनं ते वाटणं थांबवलं नाही. १ जून १३१० रोजी पॅरिसमध्ये तिलाच जाळण्यात आलं. पुस्तकाच्या प्रती मात्र लेखकाच्या नावाशिवाय मठामठांत वाचल्या जात राहिल्या. ते तिचं आहे हे १९४६ साली ओळखू आलं. सहाशेहून अधिक वर्षं ते कुणाचं आहे हे न कळता माणसं त्यातून प्रार्थना शिकत होती.

ओलं लाकूड

एकत्व जर आधीच आत आहे, तर माणसाला करायचं काय उरतं? एकहार्टचं उत्तर शिल्पकाराचं आहे. मूर्तिकार लाकडात मूर्ती घालत नाही, तो भोवतालचं लाकूड काढतो. बुजलेल्या विहिरीत पाणी ओतायचं नसतं, माती उपसायची असते. माती म्हणजे चिकटून राहणं. पैशाला, मानाला, आणि प्रार्थनेतल्या गोड अनुभवालासुद्धा. यासाठी त्याचा शब्द आहे 'सोडून देणं'.

आणि हे सोडणं दुखतं. ते कसं दुखतं याचं सगळ्यांत खरं वर्णन क्रूसाच्या योहानानं केलं आहे. तेरेसानं नोव्हेंबर १५७७ अखेर किल्ल्याचं पुस्तक पुरं केलं, आणि पुढच्या काही दिवसांतच आविलातून योहानाला पकडून नेलं गेलं. पकडणारे त्याच्याच संघातले, तेरेसा आणि योहान करत असलेल्या मठांच्या सुधारणेला विरोध करणारे लोक होते. टोलेडोच्या मठातल्या एका कोंदट, अंधाऱ्या खोलीत तो जवळजवळ नऊ महिने कोंडलेला होता. ऑगस्ट १५७८ मध्ये एका रात्री तो निसटला. त्याच्या सर्वोत्तम प्रेमकवितांपैकी एकीच्या बऱ्याच ओळी त्या खोलीत जन्मल्या आहेत.

तो म्हणतो, ओलं लाकूड आगीत टाकलं की आग आधी त्याला सुकवते. लाकूड आतलं पाणी बाहेर टाकतं, जणू रडतं. मग ते काळं पडतं, आधीपेक्षा कुरूप दिसतं, त्याला घाण वास सुटतो. आगीच्या विरुद्ध असलेलं त्याच्यात जे जे आहे ते ते बाहेर निघत असतं. एवढं झाल्यावर ते तापायला लागतं, बाहेरून पेटतं, आणि शेवटी आगीसारखंच सुंदर होतं. या सगळ्या काळात लाकडाला वाटेल की आग आपला नाश करते आहे. पण काळं करणारी आग आणि उजळवणारी आग एकच असते. सुरुवातीला लाकडाला आगीचा प्रकाश मिळत नाही, त्याला स्वतःचा ओलावाच दिसतो.

योहानाची प्रसिद्ध 'काळी रात्र' ती हीच. हल्ली कुठल्याही वाईट दिवसाला हे नाव दिलं जातं, तेव्हा मला वाईट वाटतं, कारण तो फार नेमकं बोलत होता. त्यानं खुणा सांगून ठेवल्या आहेत. प्रार्थनेत गोडी लागत नाही, पण बाहेरच्या गोष्टींतही लागत नाही. आपण मागे पडतो आहोत, देवाची सेवा नीट करत नाही, ही काळजी मनात राहते. आणि पूर्वीसारखं विचार करून, कल्पना करून ध्यान करता येत नाही, कितीही प्रयत्न केला तरी. या तिन्ही एकत्र असतील तर घाबरू नका, गप्प राहा, असं तो सांगतो. मनाचा आजार ही वेगळी गोष्ट आहे हेही त्याला ठाऊक होतं. उदासपणाचा विकार असेल तर कशाचीच काळजी उरत नाही, असा फरक त्यानं चार शतकांपूर्वी नोंदवून ठेवला आहे. ज्याला उपचार हवेत त्याला काळ्या रात्रीचं पुस्तक देऊन भागत नाही.

योहानाची दुसरी उपमा खिडकीची. काच मळलेली असेल तर ऊन तिच्यातून नीट येत नाही. ऊन कमी नसतं, काच मळलेली असते. पूर्ण स्वच्छ काच उन्हात दिसेनाशी होते, जणू तीच प्रकाश आहे. तरी काच ती काच आणि किरण तो किरण. काच प्रकाश आहे ती सहभागानं, असं तो काळजीपूर्वक जोडतो. एकहार्टला जे अंगाशी आलं ते योहानानं या एका शब्दानं सांभाळलं.

रोजच्या प्रार्थनेत हे कसं उतरतं? चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये, नाव न सांगणाऱ्या कुणा एकानं शिष्यासाठी लिहिलेलं एक पुस्तक आहे, 'अज्ञेयाचा मेघ'. तो म्हणतो, देवाला विचारानं पकडता येत नाही, प्रेमानं पकडता येतं. म्हणून एक लहानसा शब्द घ्या. 'देव' चालेल, 'प्रेम' चालेल. शब्दाचा अर्थ उलगडत बसू नका, तो नुसता जवळ ठेवा, आणि विचार आला की त्या शब्दाकडे परत या.

डोळे मिटून बसलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात काय होतं ते ज्यानं करून बघितलंय त्याला सांगायला नको. कालचं एक बोलणं आठवतं. त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते आठवतं. पाठीला खाज सुटते. मग 'माझं लक्ष लागत नाही' हाच विचार येऊन बसतो आणि तो सगळ्यांत चिवट असतो. मेघाच्या लेखकाची यावर एक युक्ती आहे. विचारांशी झगडू नका. त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघा, जणू त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कुणाला शोधताय. तेही जमलं नाही तर लढाईत हरलेल्यासारखे त्यांच्यापुढे पडून राहा आणि देवाच्या हाती स्वतःला सोपवा. तेरेसाला हे लिहितालिहिताच अनुभवायला येत होतं. चौथ्या दालनाबद्दल लिहिताना ती मध्येच सांगते की, या क्षणी माझ्या डोक्यात मोठ्या नद्या धो धो वाहतायत, पाखरं किलबिलतायत, शिट्ट्या वाजतायत, आणि तरीही आत खाली प्रार्थना चालू आहे. डोक्यातला कोलाहल आणि देवाजवळ असणं, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. हे वाचून मला जेवढा धीर आला तेवढा शांततेवरच्या कुठल्याही सुंदर वर्णनानं आला नव्हता.

मार्था

आता एक धोका. एकत्व म्हणजे काहीच न करणं, असं समजणारे प्रत्येक काळात झाले. सतराव्या शतकात रोममध्ये राहणारा स्पॅनिश धर्मगुरू मिगेल दे मोलिनोस याची शिकवण १६८७ साली पोपनं दोषी ठरवली ती याच मुद्द्यावर. आत्मा इतका निष्क्रिय व्हावा की त्यानं मोहालाही विरोध करू नये, असा त्या शिकवणीचा अर्थ लावला गेला होता.

पण मोठे संत याच्या नेमकं उलट बोलतात. लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी येतो, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसते, मार्था कामात गढलेली असते आणि तक्रार करते. येशू म्हणतो, मरियेनं चांगला वाटा निवडला आहे. ध्यान श्रेष्ठ, काम कनिष्ठ, असाच याचा अर्थ शतकानुशतकं लावला गेला. एकहार्ट तो उलटा करतो. तो म्हणतो, मरिया अजून शिकते आहे. मार्था शिकून पुढे गेली आहे, म्हणून कामाच्या गर्दीत उभी राहूनही ती देवापासून हलत नाही. तेरेसा सातव्या दालनाच्या शेवटी दोन्ही बहिणी एकत्र हव्यात असं म्हणते. एवढ्या लांबच्या प्रवासाचं फळ काय, तर सत्कर्मं, सत्कर्मंच.

तिनं हे याआधी आणखी रोखठोक सांगितलं होतं. काही भगिनी प्रार्थनेत एवढ्या जपून बसतात, जरा हललं तर गोडी सांडेल अशा, तेव्हा ती म्हणते: नाही भगिनींनो, नाही. आजारी भगिनीला तुमच्याकडून थोडा आराम मिळणार असेल तर ही भक्ती सोडून उठा, तिची सेवा करा. देवाच्या इच्छेशी एक होणं ते हेच.

बर्नार्डही शेवटी या कसोटीवर येतो. देव माझ्याकडे अनेकदा आला, असं तो एका प्रवचनात मान्य करतो, आणि मग प्रामाणिकपणे सांगतो की तो कधी आला आणि कधी गेला हे मला एकदाही कळलं नाही. डोळ्यांनी कळलं नाही, त्याला रंग नाही. कानांनी नाही, त्याला आवाज नाही. मग तो आला होता हे कळलं कशावरून? मन हललं, कोमट झालेलं ऊबदार झालं, लपलेले दोष उघडे पडून दूर झाले, यावरून. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू अनेक वर्षं स्वयंपाकघरात राबत होता. हे काम त्याला स्वभावतः नको वाटायचं. तरी भांड्यांच्या खणखणाटात, एकाच वेळी चारचौघं काहीबाही मागत असताना, मी गुडघे टेकून असतो तेवढाच निवांत देवाजवळ असतो, असं त्यानं सांगितलं आहे.

तेरेसानं पुस्तक संपवलं तेव्हा ती आविलात होती. वाचणार होत्या त्या कडक बंदिस्त मठातल्या भगिनी. त्यांना बाहेर जाता येत नव्हतं, करमणूक जवळजवळ नव्हती, काही मठांत तर जागाही पुरेशी नव्हती. त्यांना तिनं समारोपात लिहिलं की या किल्ल्यात तुम्ही मनसोक्त हिंडू शकता. कुठल्याही वेळी आत जा, वाटेल तेवढ्या फिरा. त्यासाठी मठाच्या वरिष्ठ भगिनीची परवानगी घ्यावी लागत नाही.